पंचायत आणि कोमुनिदाद: एकाच गावाची दोन दप्तरे

कोकणातून किंवा देशावरून गोव्यात आलेल्या माणसाचा पहिला घोटाळा एका शब्दापाशी होतो. आपल्याकडे गावात राहतो तो गावकरी. गोव्यात गांवकार म्हणजे गावात राहणारा कुणीही नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसवला असे मानतात, त्या ठरावीक वांगडांपैकी, म्हणजे मूळ कुळ्यांपैकी, एकात जन्मलेला तो गांवकार. तळकोकणातल्या गावरहाटीतले मानकरी गावकर ज्यांना माहीत आहेत त्यांना याची थोडी कल्पना येईल. फरक इतकाच की गोव्यात मानाबरोबर जमीनही सामाईक राहिली. ही जमीन सांभाळणारी गांवकारांची संस्था म्हणजे गांवकारी. पोर्तुगीज अमलात तिचे नाव कोमुनिदाद झाले आणि आजही तेच चालते.

पंचायत ही सत्ता आहे आणि कोमुनिदाद ही मालक आहे. एवढे डोक्यात पक्के बसले की पुढचा बराच गोंधळ टळतो. गावात चाळीस वर्षे भाड्याने राहणारा माणूस मतदारयादीत असेल तर पंचायत निवडतो, ग्रामसभेत उठून सरपंचांना जाब विचारतो. कोमुनिदादीत मात्र त्याला शब्द नाही. उलट मुंबईत किंवा लिस्बनमध्ये स्थायिक झालेल्या गांवकाराचे नाव कोमुनिदादीच्या वहीत असेल, तर नफ्यातला वाटा, म्हणजे झोण, त्याला मिळतो. तिथे रहिवासाला किंमत नाही, वंशाला आहे. वंशाबाहेरचा माणूस आत येतो तो भागधारक म्हणून, कारण कोमुनिदादीचे भाग विकत घेता येतात. मुलींना मात्र गांवकारपण परंपरेने मिळालेले नाही. ज्या गोव्यात समान नागरी कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत बरोबरीचा वाटा मिळतो, तिथे हे विशेष खटकते. पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, हे शेजारी ठेवून पाहावे.

वयाने दोन्ही संस्था फार वेगळ्या. गांवकारी पोर्तुगीज येण्याआधीची. 1526 साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गांवकाऱ्यांचे रिवाज एका फोरालात, म्हणजे सनदेत, लिहून काढले. त्याने संस्था स्थापली असे काही जण लिहितात, ते बरोबर नाही. आधीपासून चालत आलेले त्याने कागदावर आणले आणि वसुलीची सोय करून घेतली. आज कोमुनिदाद ज्या संहितेवर चालते ती 15 एप्रिल 1961ची, आणि आठ महिन्यांनी, 19 डिसेंबरला, पोर्तुगीज गेले. जाता जाता केलेला हा कायदा दुरुस्त्यांसह अजून लागू आहे. पंचायती 1962मध्ये आल्या, आणि आताचा कारभार 1994च्या पंचायत राज कायद्याने चालतो.

गोव्यात पंचायती 191 आणि कोमुनिदादी सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे हद्दी जुळत नाहीत हे उघडच आहे. पर्वरीच्या बाजूची सेरुला कोमुनिदाद एकच, पण तिच्या जमिनीवर एकाहून अधिक पंचायती आहेत. मडगावात तर पंचायतच नाही, नगरपालिका आहे, तरी कोमुनिदाद आहेच. म्हणून ‘आमच्या गावची कोमुनिदाद कोणती?’ हे पंचायतीच्या नावावरून ठरवू नये. सर्व्हे नंबरावरून ठरवावे.

पंचायतीत सरपंच, पंच आणि सचिव असतात. कोमुनिदादीत अध्यक्ष, खजिनदार आणि मुखत्यार अशी समिती तीन वर्षांसाठी निवडतात. मुखत्यार कोर्टकचेरीत संस्थेच्या वतीने उभा राहतो, आणि दप्तर कारकुनाकडे असते. त्यांच्यावर सरकारने नेमलेला प्रशासक असतो: उत्तरेचा म्हापशाला, मध्य विभागाचा पणजीला, दक्षिणेचा मडगावला. देवस्थानचे महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत सभासद, हा आणखी तिसरा प्रकार, त्यांचा कायदा वेगळा. गांवकार आणि महाजन बऱ्याचदा एकाच घरातले असतात म्हणून लोक त्यांचीही सरमिसळ करतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक घरनंबराची.

कुणीतरी कोमुनिदादीच्या जागेतला तुकडा साध्या नोटरी कागदावर विकतो. घेणारा दोन खोल्या उभारतो. पंचायत कर आकारण्यासाठी नंबर देते, त्या नंबरावर वीज येते, नळ येतो, रेशनकार्डावर पत्ता लागतो. दरवर्षी घरपट्टीची पावती फाइलीत जाते आणि मालकाला वाटते कागद भक्कम होत चालले. पुढे कधीतरी प्रशासकाची नोटीस येते. तेव्हा कळते की त्या फाइलीतला एकही कागद जमिनीबद्दल बोलतच नव्हता. घरनंबर म्हणजे ‘इथे घर आहे, याच्याकडून कर घ्या’ एवढाच अर्थ. 28 फेब्रुवारी 2014पूर्वीची राहती घरे नियमित करण्याची वाट 2025च्या दुरुस्तीने उघडली खरी, पण तिथेही कोमुनिदादीची संमती लागते. आज नवे घर बांधून त्या वाटेने जाता येईल, असे कुणी सांगत असेल तर ऐकू नये.

महाराष्ट्रात सातबारा, तसा गोव्यात एक-चौदाचा उतारा. सर्व्हे नंबर आणि पोटविभाग हाताशी असला की तो काढता येतो. आधी कब्जेदाराचा रकाना वाचावा. तिथे कोमुनिदादीचे नाव असेल तर समोरचा खाजगी माणूस ती जमीन कशाच्या जोरावर विकतो आहे, हा पहिला प्रश्न. उत्तर आफ्रामेंत असे आले, म्हणजे कोमुनिदादीने फोर (जमिनीचे वार्षिक भाडे) ठरवून कायमपट्ट्याने दिलेली जागा, तर मंजुरीचा आदेश, ताबा दिल्याचा कागद आणि फोर भरल्याच्या पावत्या मागाव्यात. तात्पुरता ताबा आणि अंतिम ताबा यांत फरक आहे: अट पाळून ठरलेल्या मुदतीत बांधकाम झाले नसेल तर अंतिम ताबा मिळत नाही आणि जागा परत जाऊ शकते. मग कुळाचा रकाना. तिथे नाव असेल तर शेत कूळकायद्याखाली आहे. 1976च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकीचा मार्ग दिला, पण अशा जमिनीचा शेतीखेरीज वापर 1991च्या कायद्याने रोखला आहे. ‘कुळाने सनद घेतली, आता प्लॉट पाडू’ हे म्हणूनच चालत नाही.

आफ्रामेंत पक्के असले तरी बांधकामाचा परवाना पंचायतीचाच, आणि त्याआधी नगरनियोजन खात्याचा तांत्रिक दाखला. इथे दोन्ही दप्तरांत जावेच लागते, आणि एकाचा होकार दुसऱ्याच्या जागी चालत नाही. जन्ममृत्यूची नोंद, कचरा, गटार, रस्त्यावरचे दिवे, दुकानाचा परवाना हे सगळे पंचायतीकडे. कोमुनिदादीच्या कारकुनाला त्यासाठी विचारून उपयोग नाही.

खाजन शेतांत मात्र ही विभागणी खरोखर दुखते. खाजन म्हणजे नदीच्या भरतीखाली येणारी, मातीचे बांध घालून मिळवलेली जमीन. बांधात मानस असते: लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून ढकलते तेव्हा झडप मिटते. ओहोटीला आतले पाणी ढकलते तेव्हा उघडते. माणूस लागत नाही, पण झडप कुजली किंवा फटीत काठी अडकली की एका भरतीत खारे पाणी आत. खेकडे बांधाला बिळे पाडतात, मालवाहू बार्जच्या लाटा माती ओढून नेतात. भगदाड बोटभर असताना चिखलाने बुजते. पुढच्या उधाणापर्यंत राहिले तर होडी जाईल एवढे होते, आणि मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे जातात.

पूर्वी शेतांच्या आणि मानशीतल्या मासळीच्या पावणीतून, म्हणजे लिलावातून, पैसा यायचा आणि त्यातूनच बांध राखला जायचा. कमावणारा आणि दुरुस्त करणारा एकच होता. कूळकायद्यानंतर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघाकडे गेली. मोठ्या कामाला कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग मदत करतो. मानशीची पावणी मात्र भातापेक्षा जास्त पैसा देते. कोळंबीसाठी खारे पाणी मुद्दाम आत घेतले की पावणीदाराचे साधते आणि शेतकऱ्याचे जाते. शेत दोनचार वर्षे पडीक राहिले की त्यात खारफुटी उभी राहते, आणि ती तोडायला वनखात्याची परवानगी लागते. लोक मग मोर्चा घेऊन पंचायतीवर जातात. पंचायत ठराव करते, पण बांध तिचा नाही, मानस तिची नाही. आधी पावणीचा करार मागून त्यात झडपेच्या देखभालीचे कलम कुणाच्या नावावर आहे ते पाहावे, आणि अर्ज कुळांच्या संघाकडे, प्रत मामलेदाराला द्यावी. उधाण पौर्णिमा-अमावास्येला येते, म्हणून अर्ज त्याच्या आत पोचायला हवा.