एका मिलिमीटरच्या घड्याळात एक वाजून पंचावन्न मिनिटं

चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर हे अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातले फोटोग्राफर. २४ सप्टेंबर १८४८ रोजी, रविवारी, ओहायो नदीच्या पलीकडच्या न्यूपोर्ट गावात एका इमारतीच्या छतावर त्यांनी कॅमेरा चढवला. समोरच्या काठावर त्यांचं शहर पसरलेलं होतं. कॅमेरा थोडा थोडा फिरवत त्यांनी त्याचे ओळीने आठ फोटो घेतले. हे फोटो धातूच्या पत्र्यांवर उमटलेले. ते आठ पत्रे शेजारी शेजारी मांडले की सुमारे दोन मैलांचा नदीकाठ सलग दिसतो: धक्क्याला लागलेल्या आगबोटी, मागे गोदामं, त्यामागे घरं, चर्चचे मनोरे आणि टेकड्या.

या चित्रमालिकेला फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, १८५१ मध्ये ती लंडनच्या महाप्रदर्शनातही गेली. पुढे ती सिनसिनाटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आली. पत्रे डागाळत चालले होते, म्हणून या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांना रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या छायाचित्र संग्रहालयात उपचारासाठी पाठवलं. तिथले संवर्धक राल्फ विगंट यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. कुठल्याही फोटोत असं खोल शिरत गेलं की एका टप्प्यावर चित्र संपतं आणि नुसते ठिपके उरतात. इथे तीसपट मोठं करूनही चित्र संपेना. एका चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ पत्र्यावर जेमतेम एक मिलिमीटर रुंद होतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे काटे दिसले. एक वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती.

एक मिलिमीटर तीसपट केला की तीन सेंटीमीटर होतात, म्हणजे मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढे. आपला डोळा एक वीत अंतरावरून साधारण एक दशांश मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. ते काटे त्याहून बारीक आहेत. म्हणजे १८४८ मध्ये पत्र्यावर जे उमटलं, त्यातलं बरंच काही नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला दिसण्याजोगं नव्हतंच.

हे का जमलं, याचं उत्तर त्या पत्र्यात आहे. या फोटोला डॅगेरोटाइप म्हणतात. पॅरिसच्या लुई दागेर यांची ही पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर चढवायचा आणि तो घासून घासून आरशासारखा लख्ख करायचा. मग तो अंधारात आयोडीनच्या वाफेवर धरायचा, की चांदीवर सिल्व्हर आयोडाइडचा अतिशय पातळ, प्रकाशाला हळवा असा थर बसतो. लवकरच ब्रोमीनची वाफही वापरात आली आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. कॅमेऱ्यातून काढलेल्या पत्र्यावर अजून काहीच दिसत नाही. तो गरम पाऱ्याच्या वाफेवर धरला की जिथे प्रकाश पडला होता तिथे चांदी आणि पाऱ्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मग हायपो या रसायनाच्या द्रावणात उरलेला हळवा थर धुवायचा आणि शेवटी सोन्याच्या क्षाराचं द्रावण ओतून खालून आच द्यायची, म्हणजे कण पक्के बसतात. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि हे लोक बंद खोल्यांत दिवसभर हेच करत. त्यांच्या तब्येतीचं काय होत असेल या विचाराने काळजी वाटते.

फिल्मच्या फोटोत चांदीचे कण जिलेटिनच्या थरात विखुरलेले असतात. त्यांचे पुंजके होतात आणि मोठं करताना तेच रवाळ दिसतात. डिजिटल फोटोत पिक्सेलच्या चौकटीपलीकडे जाता येत नाही. डॅगेरोटाइपमध्ये जिलेटिनही नाही आणि कागदाचे तंतूही नाहीत. कण थेट धातूच्या आरशावर बसलेले असतात आणि त्यांचा आकार मायक्रोमीटरच्या, कधी त्याहूनही लहान मापात असतो. दाट कण असलेल्या जागी प्रकाश चहूकडे विखुरतो, तिथे पांढरं दिसतं. कण नसलेल्या जागी उघडा आरसा असतो. त्यात काळोखी वस्तू प्रतिबिंबित झाली की तो भाग काळा दिसतो. म्हणून डॅगेरोटाइप हातात घेऊन तिरका करावा लागतो. कोन बदलला की तेच चित्र निगेटिव्ह होतं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचे आणि न्यू मेक्सिको विद्यापीठाचे संशोधक एकत्र आले. या कणांचा आकार आणि घडण यांवर चित्राचे रंग कसे ठरतात, हे त्यांनी दाखवलं. आज ज्याला नॅनोविज्ञान म्हणतो त्यातलंच हे प्रकरण आहे.

आता त्या रविवारकडे. दुकानांवरच्या पाट्या वाचता येतात, खिडक्यांतले पडदे दिसतात, वाळत घातलेलं धुणं दिसतं. आपल्या शहराचा डौल दाखवावा म्हणून फाँटेन आणि पोर्टर छतावर चढले होते. धुणं त्यांनी मुद्दाम टिपलं असेल असं मला वाटत नाही. त्या काळचे बहुतेक डॅगेरोटाइप म्हणजे स्टुडिओत ठेवणीतले कपडे घालून, श्वास रोखून बसलेली माणसं. इथे मात्र कोणी कोणाला उभं केलेलं नाही. काठावर जे स्थिर होते ते उमटले. जे चालत होते ते धूसर झाले किंवा पुसले गेले, कारण काही सेकंदांचा प्रकाश त्यांच्या वाट्याला एका जागी आलाच नाही.

तारीख कशी ठरली, हा भाग मला सगळ्यात आवडतो. पत्र्यांवर ती लिहिलेली नव्हती. पण बोटींची नावं वाचता येत होती. त्या काळच्या आगबोटी अल्पायुषी असत. बॉयलर फुटे, आग लागे, पाण्याखालच्या ओंडक्याला धडकून तळ फाटे. चारपाच वर्षं चालली तर बोट पुरेशी चालली असं मानत. त्यामुळे कोणकोणत्या बोटी एकत्र दिसतात यावरूनच काळ बराच आवळला जातो. बोटींच्या येण्याजाण्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून येत. शिवाय ओहायोचं पाणी ऋतूप्रमाणे कित्येक मीटर चढतं-उतरतं आणि धक्क्याचा फरसबंद उतार किती उघडा आहे हे फोटोत दिसतं. बोटी आणि पाण्याची पातळी या दोन्हींचा मेळ घालून दिवस सापडला. घड्याळाने पुढे मिनिटही दिलं. ते एक पंचावन्न मात्र सिनसिनाटीचे स्थानिक. अमेरिकेत रेल्वेने प्रमाणवेळ आणली ती १८८३ मध्ये. तोवर प्रत्येक शहराचं घड्याळ आपापल्या सूर्यावर चाले.

हे शहर तेव्हा झपाट्याने वाढत होतं. १८५०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १,१५,४३५ भरली. डुकराच्या मांसाच्या प्रचंड व्यापारामुळे लोक त्याला ‘पोर्कोपोलिस’ म्हणत. त्या चरबीपासून साबण आणि मेणबत्त्या करणारे कारखाने निघाले. प्रॉक्टर अँड गँबल ही कंपनी १८३७ मध्ये तिथेच सुरू झाली. याच शहरातल्या सामान्य नागरिकांनी २५-२५ डॉलर वर्गणी काढून वेधशाळा उभारली होती आणि तिच्यासाठी म्युनिकहून मोठी दुर्बीण आणली होती.

आणि ती नदी. कॅमेरा ज्या छतावर होता ते न्यूपोर्ट केंटकी राज्यातलं, तिथे माणसांची खरेदी-विक्री कायदेशीर होती. समोरच्या ओहायो राज्यात गुलामगिरीला बंदी होती. फोटोत मधोमध जे पाणी चकाकतं तीच ती सीमा. ती ओलांडून पळालेल्यांच्या मागावर पकडणारेही येत. १८४८ म्हणजे पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींसाठी शाळा उघडली ते साल. पंचवीस वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच. हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाने त्या पाण्याच्या पट्ट्याकडे थोडा वेळ पाहावं.

शहर पिण्याचं पाणीही याच नदीतून उचलत होतं. हा फोटो काढल्यावर काही महिन्यांतच कॉलरा आला आणि १८४९ मध्ये त्याने शहरातली हजारो माणसं नेली. दूषित पाण्यातून रोग पसरतो हे लंडनचे जॉन स्नो त्याच सुमाराला मांडू लागले होते, पण ते पटायला जगाला बरीच वर्षं लागली. फोटोतल्या पडद्यांमागच्या घरांतली किती माणसं पुढचा सप्टेंबर पाहू शकली नसतील, हा विचार चित्र पाहताना टाळता येत नाही.

इतका तपशील धरणारा पत्रा तितकाच नाजूक असतो. कण उघड्यावर बसलेले असल्यामुळे साधा कापूस फिरवला तरी चित्र पुसलं जातं. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. वरची काच जुनी झाली की तिच्यातून क्षार पाझरून पत्र्यावर येतात. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात मांडलेल्या काही मौल्यवान डॅगेरोटाइपवर प्रदर्शन चालू असतानाच पांढुरके डाग उमटले आणि संवर्धक हादरले. सिनसिनाटीचे आठ पत्रे म्हणूनच आता आरगॉन या निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद चौकटींत ठेवले आहेत. सूक्ष्मदर्शकातून टिपलेली त्यांची प्रतिमा कोणालाही संगणकावर हवी तितकी जवळ आणून पाहता येते.

पूर्ण काळे पडलेले पत्रेही वाया गेलेले नसतात, हे २०१८ मध्ये दिसून आलं. कॅनडातल्या संशोधकांनी दोन गंजलेले डॅगेरोटाइप अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे प्रखर क्ष-किरण निर्माण करणाऱ्या भल्यामोठ्या यंत्राकडे, नेले आणि अतिशय बारीक क्ष-किरण झोताने त्यांच्यावरचा प्रत्येक बिंदू तपासला. क्ष-किरण पडला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतं. त्यांतले फक्त पाऱ्याचे वेचून नकाशा काढला. वरून काहीच ओळखू येत नव्हतं, तरी खाली पारा जिथल्या तिथे होता. नकाशात एकावर एका बाईचा आणि दुसऱ्यावर एका पुरुषाचा चेहरा उमटला. हे करताना पत्र्याला कोणी हातही लावला नाही. कुठल्या कपाटात असा काळा पत्रा सापडला तर तो घासून पाहण्याचा मोह आवरावा आणि आहे तसा एखाद्या संग्रहालयाच्या संवर्धकाकडे न्यावा.