घट्ट वाटणाऱ्या तारा आणि अर्धा मिलिमीटर

नवी इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या पोरांची पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली असते. "तारा फार टाइट आहेत, जरा लूज करून द्या ना." दादरला विचारा नाहीतर धोबीतलावला, गिटार दुरुस्त करणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं. तार सैल केली की सूर उतरतो, आणि सूर जागेवर आणला की तार होती तेवढीच घट्ट होते. मधला मार्ग नाही. पण पोरांची बोटं दुखतात हेही खरं. मग दुखणं आहे कुठे?

आधी ताणाचं गणित उरकून घेऊ. फ्रेंच धर्मगुरू मर्सेन याने १६३६ साली तारेच्या सुराचे नियम छापले आणि ते आजही जसेच्या तसे चालतात. तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो. तिची लांबी, तिचं वजन आणि ती कोणत्या सुरात लावली आहे. बाकी कशाचाही संबंध नाही. दहाच्या सेटमधली सगळ्यात बारीक पहिली तार ०.२५४ मिलिमीटर जाड असते, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, अर्थात दहा सहस्रांश; म्हणूनच तो 'दहाचा' सेट. फेंडर कंपनीच्या मापाच्या गिटारवर नट ते ब्रिज, म्हणजे तारेच्या दोन टोकांच्या टेकूंमधलं अंतर ६४८ मिलिमीटर. ही तार सेकंदाला ३२९.६ कंपनं करणाऱ्या ई सुरात लावली की ताण येतो साधारण ७.४ किलो. गिटार आठ हजारांची असो की तीन लाखांची, आकडा तोच. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसवलेला गिटारचा शेंडा, जास्त झुकलेला आहे म्हणून ताण वाढतो असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये, पण ऐकूही नये.

मर्सेनच्या सूत्रात लांबी आणि सूर दोन्हींचा वर्ग येतो. म्हणून थोड्याशा फरकानेही ताण बराच बदलतो. सहाही तारा अर्ध्या सुराने उतरवल्या तर ताण ११ टक्क्यांनी कमी होतो. गिब्सन कंपनीच्या मापात तारेची लांबी ६२८ मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे त्याच सेटचा ताण सहाएक टक्के कमी भरतो. जाडीचाही वर्गच, कारण वजन तारेच्या काटछेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून. दहाची पहिली तार काढून नवाची लावली की ७.४ किलोंचे सहा किलो होतात. पूर्ण सेटचा हिशेब केला तर ४६-४७ किलोंवरून ३८-३९ वर येतो.

हलक्या तारांचा हा शोध प्रयोगशाळेत लागलेला नाही. अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात गिटारच्या सेटमध्ये तिसरी तारसुद्धा जाड आणि वेटोळं गुंडाळलेली असायची. ती ओढता येईना म्हणून वादक बॅन्जोच्या तारा आणून लावू लागले. कॅलिफोर्नियात वाद्यांचं दुकान चालवणारा एर्नी बॉल याने ही अडचण ओळखली आणि १९६२ च्या सुमारास हलके सेट विकायला काढले. ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची गरज त्याहून निकडीची. १९६५ साली कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तार दाबणारा हात नेमका तोच. त्याने बारीक तारा लावल्या, आणि १९७१ मध्ये तर गिटार तीन अर्धसुरांनी खाली उतरवली. सूत्रात घालून बघा, तेवढ्याने २९ टक्के ताण जातो. त्यातून निघालेला जड, खोल आवाज पुढे हेवी मेटलची ओळख झाला.

आता दुखऱ्या बोटाकडे येऊ. बोटाला तारेचा ताण थेट कळतच नाही. बोट तारेला आडवं दाबतं, आणि त्याला किती जोर लागेल हे ताणाइतकंच दोन गोष्टींवर ठरतं. तार किती खाली न्यायची आहे, आणि ती जिथे टेकली आहे त्या टोकापासून बोट किती दूर आहे. इथेच खरी मेख आहे. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. बाराव्या फ्रेटवर तुम्ही तारेच्या बरोबर मध्यावर असता. तिथे ७.४ किलो ताणाची तार दोन मिलिमीटर खाली न्यायला जेमतेम ९० ग्रॅम जोर लागतो. पहिल्या फ्रेटवर मात्र बोट नटपासून फार तर ३० मिलिमीटरवर असतं. तिथे तीच तार फक्त एक मिलिमीटर खाली न्यायला २५० ग्रॅमच्या पुढे जोर लागतो. तेच अंतर अर्धा मिलिमीटर असेल तर निम्म्यात भागतं.

एफ कॉर्ड धरताना एक बोट सहाही तारांवर आडवं ठेवावं लागतं. सहा तारांचा ताण धरून तोच हिशेब केला, तर अर्ध्या मिलिमीटरच्या उंचीला साधारण ८०० ग्रॅम आणि एक मिलिमीटरला दीड किलोहून जास्त. क्लासला जाणारी निम्मी मुलं एफ कॉर्डपाशी गिटार सोडतात असं गमतीने म्हणतात. त्यातल्या कित्येकांचा घात या अर्ध्या मिलिमीटरने केला असेल, असं मला वाटतं.

नट म्हणजे हेडस्टॉकच्या तोंडाशी बसवलेली, खाचा पाडलेली पांढरी किंवा काळी पट्टी. स्वस्त गिटारच्या नटच्या खाचा बहुतेक वेळा उथळ ठेवलेल्या असतात, म्हणून तारा उंच राहतात. यात कारखान्याचा हिशेब सरळ आहे. खाच खोल गेली तर तार फ्रेटवर खरखरते आणि नग बाद होतो. उथळ राहिली तर गिऱ्हाईक फक्त बोटं चोळत बसतं. एकेक खाच हाताने घासायला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा.

तपासणी घरी करता येते. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार नि धातू यांच्यामधली फट बघा. वहीचा कागद सरकेल एवढीच हवी. किंवा पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून वाजवा. गिटार एकदम मऊ वाटू लागली तर दोष नटचा, तारांचा नाही. उंच नटची आणखी एक खूण आहे. मोकळ्या तारा सुरात असूनही पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात, कारण तार खाली नेताना ती जास्त ताणली जाते.

बेंडचं, म्हणजे दाबलेली तार आडवी ओढून सूर चढवण्याचं, प्रकरण जरा वेगळं. तार पूर्ण एका सुराने चढवायची तर ताण २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. पोलादी तार त्यासाठी जेमतेम सव्वा मिलिमीटर लांबवायची असते. पण नटच्या पुढे खुंटीपर्यंत आणि ब्रिजच्या मागे जी तार शिल्लक आहे, तीही नटमध्ये न अडकता सरकत असेल तर या ताणण्यात भाग घेते. मग बोट थोडं लांबवर न्यावं लागतं, पण तार लवचिक वाटते. तरंगत्या ट्रेमोलोच्या, म्हणजे दांडीने हलवता येणाऱ्या ब्रिजच्या, मागच्या स्प्रिंगाही अशाच थोड्या ढिल्या पडतात. ताण सारखाच असलेल्या दोन गिटार हातात वेगळ्या का वाटतात, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासण्याची जुनी युक्ती खरोखर उपयोगी पडते.

आपल्याकडे यात पावसाळा भर घालतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते. लाकूड ओल पितं आणि नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, बाक बदलतो. बाक वाढला की मधल्या फ्रेटांवर तारा उचलल्या जातात. यासाठी नेकच्या आत लोखंडी ट्रस रॉड असतो, गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू याने त्याचं पेटंट १९२३ मध्ये मिळवलं. रॉड फिरवून तारांचा ताण कमी होत नाही, फक्त बाक सरळ होतो. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट मोजा. पाव मिलिमीटर पुरे. मोजायला मोटार मेकॅनिककडचं फिलर गेज चालतं. रॉड एका वेळी पाव फेराच फिरवायचा. जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं आणि गिटार जाणकाराकडे न्यायची. गंजलेली तार ही आणखी एक फसवणूक. तिचा ताण वाढलेला नसतो, ती फक्त खरबरीत झालेली असते. वाजवून झालं की जुन्या सुती पंचाने पुसली तर घामातलं मीठ निघून जातं आणि ती जास्त टिकते.

तेव्हा क्रम असा, आधी नेकचा बाक, मग ब्रिजवरचे सॅडल (तारांची उंची ठरवणारे टेकू), मग नट. एवढं करूनही बोटं दुखत असतील तर नवाचा सेट घ्या. नटची खाच स्वतः घासायची हौस असेल तर तारेच्या मापाची कानस हवी आणि दोन-तीन घासांनंतर तार बसवून बघायला हवं. जास्त खोल गेलेली खाच खायचा सोडा आणि सुपरग्लूने भरून पुन्हा कोरतात, पण ती मलमपट्टीच. नवाचा सेट लावल्यावर मानेवरचे आठेक किलो कमी होतात. त्यामुळे नेक थोडी सरळ होऊन तारा फ्रेटवर खरखरू लागतात, तेव्हा ट्रस रॉड जरासा ढिला करावा लागतो. तरंगता ट्रेमोलो असेल तर स्प्रिंगा वरचढ होऊन ब्रिज मागे बसतो, म्हणून गिटारच्या पाठीवरचं झाकण काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू थोडे सैल करा आणि मगच पुन्हा ट्यून करायला घ्या.