सारायेव्होचा वेढा : नागरी जीवन आणि मानसिक तग

बॉस्निया-हर्झेगोव्हिनाची राजधानी सारायेव्हो एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ अशी जवळजवळ चार वर्षे वेढ्यात होती. शहर मिल्याच्का नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेले. भोवतीच्या डोंगरांवर बॉस्नियन सर्ब सैन्याच्या तोफा आणि बंदूकधारी नेमबाज होते. वीज, पाणी, गॅस वरचेवर तोडले जात. आत अडकलेल्या लाखोंत बोस्नियाक (म्हणजे बॉस्नियन मुस्लिम), क्रोएट, ज्यू होते, तसेच सर्बही होते. बाहेरच्या वर्णनांत ही गोष्ट बऱ्याचदा सुटते. युद्धात नागरिक तग कसा धरतात, या चर्चेत या शहराचे उदाहरण हमखास येते.

हा तग मुख्यतः रोजच्या कामांवर उभा होता. पाण्यासाठी लोक कॅन घेऊन बिअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर रांगा लावत, आणि तोफगोळे त्या रांगांवरही पडत. पत्र्याच्या घरगुती शेगडीत आधी झाडे, मग फर्निचर, जुने बूट आणि पुस्तके जाळली गेली. उजेडासाठी बरणीत पाणी, वर तेलाचा थर आणि त्यात तरंगती वात असा 'कांडिलो' लावत. रचना थेट आपल्या नंदादीपाची. नेमबाजांच्या माऱ्यातले चौक पळत ओलांडावे लागत. तरीही अनेक जणी लिपस्टिक लावून, इस्त्रीचे कपडे घालून कामावर जात. याला नखरा म्हणणे चूक ठरेल. गबाळे दिसणे म्हणजे डोंगरावरच्यांपुढे हरणे, असा तो हट्ट होता.

शाळा तळघरांत आणि जिन्यांवर भरत. 'ओस्लोबोजेन्ये' हे दैनिक, इमारत उद्ध्वस्त होऊनही, निघत राहिले. मे १९९३ मध्ये तळघरात सौंदर्यस्पर्धा झाली. स्पर्धक तरुणींनी मंचावर फलक धरला, 'त्यांना आम्हाला मारू देऊ नका'. त्याच वर्षी जूनअखेर विमानतळाखालून सुमारे ८०० मीटरचा बोगदा पुरा झाला आणि अन्न, औषधे, शस्त्रे, माणसे तिथून ये-जा करू लागली. बाहेर जायची एक वाट आहे, एवढी जाणीवही मनाला आधार देणारी होती.

विनोद मात्र कडवट. 'सारायेव्हो आणि ऑश्वित्झमध्ये फरक काय? तिथे निदान गॅस तरी होता.' (ऑश्वित्झ ही नाझींची छळछावणी, जिथे विषारी वायूने माणसे मारली जात.) मदतीत येणाऱ्या डबाबंद गोमांसाची तर इतकी थट्टा झाली की २००७ मध्ये शहरात त्या डब्याचेच स्मारक उभे राहिले, 'आंतरराष्ट्रीय समुदायाला कृतज्ञ नागरिकांकडून'.

त्या जिद्दीचे कौतुक जगभर झाले. कौतुक करणाऱ्यांना वेढा उठवायची घाई नव्हती, हा रहिवाशांचा राग रास्त होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये मार्काले बाजारात एकाच तोफगोळ्याने ६८ जण मेले. त्यानंतरही वेढा दोन वर्षे चालला. शिवाय निभावून नेणे म्हणजे इजा न होणे नव्हे. रोजची धावपळ थांबल्यावर अनेकांना निद्रानाश, दचकणे, औदासीन्य यांनी गाठले, आणि ज्यांचे बालपण तळघरात गेले त्यांच्यापैकी काहींना हा त्रास मोठेपणीही सुटला नाही.