मोटारसायकलची ऑइलगळती आणि ऑइल फिल्टरची निवड

मोटारसायकलच्या इंजिनातले तेल सांध्यांतून, सीलमधून, आटे गेलेल्या बोल्टमधून किंवा कवचाच्या भेगेतून बाहेर येणे म्हणजे ऑइलगळती. चारचाकीच्या इंजिनात तीन-चार लिटर तेल असते. शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलीत जेमतेम लिटरभर. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत क्रँक-पिस्टनला, गिअरना आणि क्लचला एकच तेल पुरते. पाव लिटर तेल गेले की गाडीतले चौथाई तेल गेले, आणि उरलेले तेल तेवढेच काम जास्त गरम होऊन करते. म्हणूनच ‘थोडं गळतंय, चालू दे’ हे धोरण कारपेक्षा मोटारसायकलीत फार महागात पडते. गळणारे तेल मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर जात असेल, तर गाडी तिथेच उभी करावी.

गळतीची कारणे सगळीकडे सारखीच असतात. नाशिक जिल्ह्यात ती केव्हा आणि कशी उघड होतात, हे मात्र इथले हवामान आणि रस्ते ठरवतात. निफाडच्या थंडीत काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो, तर एप्रिल-मे महिन्यांत शहरात तो चाळिशीच्या घरात असतो. उन्हाळ्यात दोन माणसे आणि सामान घेऊन कसारा घाट चढणाऱ्या गाडीचे टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, रबर हळूहळू भाजून कडक होते. तेच रबर जानेवारीतल्या पहाटे आकसते आणि सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केल्यावर तिथून ओल दिसू लागते. द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यांच्या रस्त्यांवरची धूळ या ओलीवर बसते. तिचा काळा, जाड थर इंजिनाच्या पात्यांमध्ये भरतो, गळती झाकतो आणि हवेने इंजिन थंड होणेही अडवतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उलट होते. चिखल आणि पाणी सगळेच धुऊन नेते, आणि गळती आहे हे कळते तेव्हा तेलपातळी मोजायच्या कांडीचे (डिपस्टिकचे) टोक कोरडे झालेले असते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या माणसाची गाडी रोज साधारण एकाच जागी आठ तास उभी असते. त्या जागेवरचा डाग हा फुकटचा आणि भरवशाचा पुरावा आहे. थेंब पुढच्या चाकाच्या रेषेत आहे, इंजिनाच्या मधोमध आहे की चेनच्या बाजूला, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. घरी रात्री गाडी मेन स्टँडवर लावून खाली वर्तमानपत्र पसरले तरी चालते.

गळती शोधणे

गळती शोधण्याची पहिली पायरी म्हणजे इंजिन धुणे. ही पायरी टाळून बदललेली प्रत्येक पॅकिंग (दोन भागांच्या सांध्यातली पातळ गादी) हा अंदाजाचा खर्च आहे. तेल खाली ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकते. त्यामुळे सगळ्यात जास्त ओली जागा ही बहुधा गळतीची जागा नसतेच. गळतीची खरी जागा तिच्या वर आणि पुढे असते. हेडजवळून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाजवळून, निघालेले तेल क्लच कव्हरवरून उतरून तळाच्या, तेल काढून टाकायच्या ड्रेन नटला लोंबते, आणि बिचाऱ्या ड्रेन नटचा वॉशर बदलला जातो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर डीग्रीझर आणि ब्रशने मळ काढावा, पाण्याने धुवावे आणि सांधेन् सांधा कोरडा करावा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी मारू नये. प्रेशर पंपाचा झोत एअर फिल्टर, वायरिंगचे सॉकेट आणि चाकांच्या बेअरिंगवर धरू नये. कोरड्या इंजिनावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर शिंपडावी, गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवावी आणि पावडर कुठे काळवंडली ते पाहावे. गंगापूर रोडवर एक फेरी मारून आले तरी पुरते. गळती फार बारीक असेल तर तेलात चमकणारा रंग टाकून अतिनील टॉर्चने पाहता येते.

बाहेर आलेला द्रव कोणता, हेही आधी ठरवावे. वापरलेले इंजिन ऑइल तपकिरी ते काळे असते. पुढच्या शॉकअपचे तेल पातळ असते आणि ते दांडीवर गोल कडे सोडते. ते डिस्कवर उतरले तर ब्रेक लागत नाही, म्हणून त्याचे सील लगेच बदलावे. ब्रेक ऑइल फिकट असते आणि रंग खाते. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखालचा काळा चिकट लगदा बऱ्याचदा नुसत्या चेन लुब्रिकंटचा असतो. तो पुसून दोन दिवसांनी पुन्हा पाहिल्याशिवाय गिअरबॉक्सचे सील खराब ठरवू नये. द्रवाने थंड होणाऱ्या गाड्यांत हिरवा किंवा गुलाबी द्रव कूलंटचा असतो. स्कूटरच्या मागच्या चाकाच्या आतून येणारे तेल इंजिनाचे नसून वेगळ्या गिअर केसचे असते आणि ते ड्रम ब्रेकमध्ये शिरते, म्हणून दुर्लक्ष करण्यासारखे नसते.

गळतीच्या नेहमीच्या जागा

सर्व्हिसिंगनंतर आठवड्याच्या आत सुरू झालेली गळती बहुतेक वेळा सर्व्हिसिंगमध्ये हात लागलेल्या जागेचीच असते: ड्रेन नट, फिल्टरचे झाकण, तेल भरायची टोपी. ड्रेन नटखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला की त्याचा आकार बदलतो, म्हणून तो दर वेळी नवा घालायचा असतो. तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो. जुने मिस्त्री असे करतात आणि त्यात चूक काही नाही. पण नव्या वॉशरची किंमत पाहता हा उपाय आडवाटेला गाडी अडली तर वापरावा.

नट आणखी आवळून गळती थांबवायची सवय फार घातक आहे. इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे, नट पोलादाचा. आटे नेहमी कवचाचे जातात. कव्हरच्या सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) पुरतो, म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला अंदाजे दहा किलोचा जोर. ड्रेन नटचा आकडा गाडीगणिक बदलतो आणि तो माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. टॉर्क पाना गॅरेजमध्ये टांगलेला दिसणे आणि तो प्रत्यक्ष वापरला जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या गाडीला तो लावायला सांगण्यात ग्राहकाने संकोच करू नये. आटे गेलेच तर ते मोठे कापून आत तारेचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवता येतात. नीट बसवलेले हेलिकॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असते. दगड लागून कवचाला भेग पडली असेल तर तेल पूर्ण काढून, भाग स्वच्छ करून आर्गन वेल्डिंग करणे हाच टिकाऊ उपाय. एपॉक्सीचा लेप घरापर्यंत पोचण्यापुरता.

वरच्या भागात टॅपेट कव्हरची रबरी रिंग आणि हेड-ब्लॉकमधली पॅकिंग या दोन जागा. पहिली स्वस्त आणि सोपी. दुसरीसाठी हेड उतरवावे लागते, दोन्ही पृष्ठे सपाट आहेत का ते तपासावे लागते, आणि बोल्ट थंड इंजिनावर, आडव्या-तिरप्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात. बाजूला गिअर लिव्हरच्या शाफ्टचे, किक शाफ्टचे आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचे सील असते. अनेक गाड्यांत ही सील इंजिन न उघडता बाहेरूनच बदलता येतात. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. शाफ्टवर सीलच्या ओठाने खोल चर पाडला असेल तर नवे सीलही टिकत नाही, हे बदलण्याआधी नखाने चाचपून पाहावे. मॅग्नेट कव्हरमधून (वीज तयार करणाऱ्या भागाच्या झाकणातून) वायर बाहेर येते तिथला रबरी बूच ही सगळ्यात जास्त नजरचुकीची जागा.

पॅकिंगच्या जागी किंवा पॅकिंगवर सढळ हाताने सिलिकॉन लावले की ते बाहेर जेवढे दिसते तेवढेच आतही दाबले जाते. तो तुकडा सुटून तेलाच्या जाळीत अडकला तर पंपाला तेल मिळत नाही. कंपनीने जिथे सांगितले आहे तिथे, पातळ रेघेत, एवढाच त्याचा उपयोग. गळती थांबवणारी तेलात टाकायची औषधे रबर फुगवतात आणि काही दिवस दिलासा देतात. ओल्या क्लचच्या, म्हणजे इंजिनाच्याच तेलात क्लच चालणाऱ्या, मोटारसायकलीत ती न टाकलेली बरी.

एक सील बदलले की दुसरे गळते, ते बदलले की तिसरे, असे होत असेल तर सीलना दोष देणे थांबवावे. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली क्रँक केसमध्ये येतच असतो आणि तो ब्रीदर पाइपमधून निघून जातो. हा पाइप चिखलाने बुजला, दुमडला किंवा रिंग झिजून वायू फार येऊ लागला, की आतला दाब तेलाला मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलतो. तेल पातळीपेक्षा जास्त भरल्यानेही असेच होते, आणि एअर फिल्टरच्या डब्यात तेल सापडते. ओतीव लोखंडी ब्लॉकच्या जुन्या बुलेटमध्ये मात्र वेगळा प्रकार असतो. बरेच दिवस उभ्या गाडीत तेल पंपावरून झिरपून क्रँकखाली जमा होते आणि चालू करताच ब्रीदरमधून बाहेर पडते. ती गळती नसते. अशा गाडीची तेलपातळी थोडी चालवल्यावरच मोजावी.

ऑइल फिल्टर

इंजिनासाठी बदलता येणारा ऑइल फिल्टर अमेरिकेत १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी आणला. मोटारसायकलींत आज चार प्रकार दिसतात. पंपाच्या तोंडाशी असलेली तारेची जाळी जवळपास सगळ्यांत असते. हीरो स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्यांत कागदी फिल्टरच नसतो; क्रँकबरोबर फिरणारा डबा जड कचरा कडेला फेकून धरून ठेवतो. तिसरा प्रकार झाकणाआड बसणारा कागदी फिल्टर, जो बजाज पल्सर आणि यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनाच्या ३५० सीसी रॉयल एनफिल्डमध्ये आहे. चौथा कारसारखा बाहेरून फिरवून बसवायचा डबा, उदाहरणार्थ रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांत. म्हणून ‘ऑइल फिल्टर बदलला’ असे बिलावर लिहिले असेल, तर आधी आपल्या गाडीत तो आहे का, हे माहीत असावे. स्प्लेंडरच्या मालकाने विचारायचे ते जाळी आणि फिरता डबा कधी साफ केला होता हे. त्यासाठी क्लच कव्हर उघडावे लागते आणि नवी पॅकिंग लागते.

फिल्टर निवडताना आकार जुळणे पुरेसे नसते. कागद बुजला किंवा थंडीत तेल घट्ट असले की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि गाळलेले नसले तरी तेल इंजिनाला मिळत राहते. हा व्हॉल्व्ह काही गाड्यांत फिल्टरमध्येच असतो, काहींत इंजिनाच्या कवचात. व्हॉल्व्ह नसलेला फिल्टर चुकीच्या गाडीत घातला तर बाहेरून काहीच कळत नाही, आणि निफाडच्या जानेवारीतली पहाट त्या इंजिनाला जड जाते. फिरवून बसवायच्या डब्यात तेल परत न उतरू देणारा रबरी पडदाही असतो. तो कडक झाला की सकाळी चालू करताना इंजिन क्षणभर खडखडते. आट्यांचा घोळ सगळ्यात धोक्याचा. २० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा डबा पाऊण इंच व्यासाच्या, इंचाला सोळा आटे असलेल्या खुंटावर सैल चढतो. व्यासात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक आहे. पण तेलाचा दाब आला की असा डबा निघून येऊ शकतो. म्हणून दुकानात ‘अमुक गाडीचा द्या’ म्हणण्याऐवजी माहितीपुस्तिकेतला पार्ट नंबर, मॉडेल आणि साल सांगावे. जुना फिल्टर सोबत नेला तर उत्तम, पण तोही आधी कुणी चुकीचा घातलेला असू शकतो.

मूळ कंपनीचाच फिल्टर घ्यावा असे नाही. नामांकित उत्पादकाचा, त्याच पार्ट नंबरला जुळणारा फिल्टर चांगले काम करतो. नकली माल ओळखण्याच्या खुणा मात्र पाहाव्यात: घड्या असमान, टोकांचा गोंद सुटलेला, रबर कडक, खोक्यावरची छपाई पुसट, उत्पादनाचा महिना किंवा किंमत नाही. कागदी फिल्टरसोबत झाकणाची ओ-रिंग (गोल रबरी कडे) येते का ते विचारावे. येत नसेल तर वेगळी घ्यावी, कारण फिल्टर बदलल्यानंतरची गळती बहुधा जुन्या, चपट्या झालेल्या ओ-रिंगची असते.

बसवताना कागदी फिल्टरची दिशा जपावी. काहींवर बाहेरची बाजू छापलेली असते. उलटा बसला तर तेलाची वाट अडते. आधीची ओ-रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून बघावे. एकावर एक दोन रिंगा बसल्या की काही किलोमीटरवर तेल एकदम बाहेर येते. नव्या रिंगेला ताज्या तेलाचे बोट लावावे. फिरवायचा डबा हाताने टेकेपर्यंत आणि मग डब्यावर लिहिले असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, आवळावा.

तेल कंपनीने सांगितलेल्या घट्टपणाचेच घ्यावे: कुठे १०डब्ल्यू-३०, कुठे २०डब्ल्यू-५०, यूसीई बुलेटला १५डब्ल्यू-५०. ओला क्लच असलेल्या गाडीच्या तेलाच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ ही खूण हवी. एमबी हे तेल स्कूटरसाठी, ते मोटारसायकलीत क्लच घसरवते. गळती थांबावी म्हणून जास्त घट्ट तेल भरणे हा उपाय नव्हे. तेल भरून दोन-तीन मिनिटे गाडी चालू ठेवावी, बंद करून तेल खाली उतरू द्यावे आणि मग गाडी सरळ उभी असताना पातळी पाहावी. हीरो-होंडा प्रकारच्या गाड्यांत डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून मोजतात.

काढलेले तेल धोकादायक कचऱ्याच्या २०१६ सालच्या केंद्रीय नियमांत येते. ते गटारात ओतले तर नासर्डी किंवा वालदेवीतून गोदावरीत पोचते. घरी तेल बदलणाऱ्याने ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. जुना फिल्टरही रात्रभर पालथा ठेवून निथळावा, कारण त्याच्या घड्यांत बरेच तेल अडकलेले असते.