‘कुडोज’मधला शेवटचा स

ऑफिसच्या ग्रुपवर कुणाचं काम फत्ते झालं की ‘कुडोज!’ येऊन पडतं आणि मागोमाग टाळ्यांच्या इमोजींची रांग लागते. परवा एकाने खाली लिहिलं, ‘मला पण एखादा कुडो द्या की!’ त्याने थट्टा केली होती, पण अमेरिकेत लोक ‘कुडो’ खरोखर वापरतात आणि काही शब्दकोशांनी त्याला जागाही दिली आहे.

मुळात कुडोज हे अनेकवचन नाहीच. ग्रीक शब्द ‘कूदोस’, नपुंसकलिंगी, एकवचनी. अर्थ कीर्ती, पण जरा निराळी. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ या युद्धकाव्यात कूदोस बहुधा देवांच्या हातात असतं. देवांचा राजा झ्यूस ते ज्याच्या पदरात टाकेल त्याची त्या दिवशी रणांगणावर सरशी. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाला तर त्यात विजय मिळवून देणारा ताईतच दिसला. ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात ग्रीक वीर अकिलीस आपल्याच सेनापतीला, ॲगमेम्नॉनला, ‘कूदिस्ते’ म्हणजे ‘परमकीर्तिमंता’ अशी हाक मारतो आणि त्याच ओळीत ‘सगळ्यांत हावरटा’ असंही सुनावतो! यातला ‘इस्त’ म्हणजे आपल्या ज्येष्ठ-कनिष्ठमधला ‘इष्ठ’.

माणूस गेल्यावरही मागे उरते त्या कीर्तीला होमर ‘क्लेओस’ म्हणतो. क्लेओस म्हणजे कानांवर येतं ते. संस्कृतातलं ‘श्रवस्’ त्याचं सख्खं भावंड. ‘इलियड’मधलं ‘क्लेओस आफ्थितोन’ आणि ऋग्वेदातलं ‘श्रवः अक्षितम्’ यांचा अर्थ एकच, अक्षय कीर्ती. हे साम्य जर्मन अभ्यासक आडाल्बर्ट कून यांनी १८५३ मध्ये दाखवलं. मला हा सगळा प्रकार कुडोजपेक्षाही भारी वाटतो, पण असो.

इंग्रजीत कूदोस आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या आसपास, विद्यापीठांतल्या पोरांच्या तोंडून. ग्रीक घोकून घोकून बेजार झालेली ही मंडळी एकमेकांची वाहवा करताना तोच शब्द फेकत. ब्रिटिश उच्चार ‘क्यूडॉस’ असा राहिला. अमेरिकेत मात्र शेवटच्या ‘स’चा अनेकदा ‘झ’ झाला, आणि कानाला ते अनेकवचन वाटू लागलं. मग विसाव्या शतकात कुणीतरी ‘कुडो’ हे एकवचन काढलंच. व्याकरणवाले चिडले. पण इंग्रजीला ही खोड जुनीच. वाटाण्याला तिथे पूर्वी एकवचनातही ‘पीज’च म्हणत, लोकांनी ‘झ’ काढून ‘पी’ केलं. ‘चेरी’सुद्धा अशीच, जुन्या फ्रेंच ‘शेरीज’ची शेपटी तोडून झालेली. आपण नेमकं उलटं करतो. ‘माझा एक शूज सापडत नाहीये,’ असं घराघरांत ऐकू येतं.

केऑस, पेथॉस हेही कूदोसच्याच घरचे ग्रीक शब्द, पण ‘एक केओ’ कुणी म्हणत नाही. त्यांचा ‘स’ वाचला. संस्कृतातल्या ‘यशस्’, ‘मनस्’, ‘तेजस्’ यांतला ‘स्’ आणि हा ग्रीक ‘स’ मुळात एकच प्रत्यय. मराठीत तो झिजून गेला, गैरसमजाने नव्हे, उच्चारांच्या ओघात, आणि आपल्याकडे उरलं नुसतं यश, मन, तेज. कुणी ‘यशस्वी’ झालं, कुणाला ‘मनस्ताप’ झाला, की तेवढ्यापुरता तो परत येतो.