सवारो : ॲरिझोनाचं राज्यफूल

सवारो हा अमेरिकेतल्या ॲरिझोना आणि मेक्सिकोतल्या सोनोरा या राज्यांतला निवडुंग, शास्त्रीय नाव कार्नेजिया जायगँटिया, आणि याचं फूल म्हणजे ॲरिझोनाचं अधिकृत राज्यफूल. स्पेलिंगमध्ये 'ग' आहे पण तिकडे बोलताना कोणी म्हणत नाही, सवारोच म्हणतात. वाळवंटाचं चित्र काढायचं म्हटलं की दोन हात वर केलेला जो निवडुंग आपण सगळेच काढतो ना, तो हाच, पण तो सगळ्या वाळवंटांत असतो हा समज चुकीचा आहे, सोनोरन वाळवंट सोडलं तर हा आपणहून कुठेही उगवत नाही. आपल्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग तर कॅक्टसच नाही, शेराच्या कुळातला, म्हणून तोडला की चीक येतो. फड्या निवडुंग खरा कॅक्टस, पण तोही मुळात अमेरिकेतूनच आलेला.

राज्यफुलाचा मान तसा जुना आहे. ॲरिझोना पूर्ण राज्य झालं 1912 मध्ये, पण त्याच्या आधी, ते नुसता प्रदेश होतं तेव्हाच 1901 मध्ये हे फूल निवडलं गेलं होतं आणि 1931 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्याचा कायदा केला. गाडीच्या नंबर प्लेटवर सवारो आहे, 2008 साली निघालेल्या ॲरिझोनाच्या पाव डॉलरच्या नाण्यावरही ग्रँड कॅन्यनसोबत तोच आहे. निवडुंगाला असा मान देणारं हे एकटंच राज्य नाही, टेक्सासने 1995 मध्ये फड्याच्या जातीला राज्यवनस्पती केलं, कोलोरॅडोने 2014 मध्ये लाल फुलांचा क्लॅरेट कप निवडुंग घेतला आणि त्यासाठी तिथल्या गर्ल स्काउट्सच्या मुलींनी पाठपुरावा केला होता.

गंमत अशी की मान ज्या फुलाला दिलाय ते एक दिवससुद्धा टिकत नाही. मे-जूनमध्ये शेंड्यावर पांढरी, मेणासारखी जाड पाकळीची फुलं रात्री उमलतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात, तेवढ्यात वटवाघळं, पांढऱ्या पंखांचे होले आणि मधमाश्या येऊन जे काय परागीकरण करायचं ते करून जातात. आणि हे पहिलं फूल यायलाच पस्तीसेक वर्षं तरी लागतात, बाजूचे हात फुटायला तर पन्नास ते पंचाहत्तर, कधी त्याहून जास्त! दहा वर्षांचं रोप बोटभरही नसतं, पालो वर्दे किंवा मेस्कीटच्या झाडाखाली सावलीला दडून बसलेलं, आणि ती सावली नसेल तर ऊन आणि थंडी दोन्हीत जातं. एका फळात दोनेक हजार बिया असूनही मोठे होतात फार थोडे. जे होतात ते बारा मीटर आणि त्याहून उंच जातात, दीडशे वर्षं सहज जगतात.

त्याच्या चिवटपणाचं गुपित अंगावरच दिसतं. खोडाला वरपासून खालपर्यंत घड्या असतात, हार्मोनियमच्या भात्यासारख्या, पाऊस पडला की मुळं (खोल नाहीत, पण लांबवर पसरलेली) पाणी ओढतात आणि भाता फुगतो, कोरड्यात परत आवळतो. आतून लाकडी फासळ्यांचा सांगाडा. सुतारपक्षी खोडात भोक पाडतो तर सवारो आतून त्या जखमेला कडक अस्तर धरतो, मग पक्षी सोडून गेला की त्यात चिमणीएवढं एल्फ घुबड राहायला येतं.

सरकारी मानाच्या कितीतरी आधीपासून हा मान तोहोनो ओओधाम या तिथल्या मूळनिवासी लोकांनी दिलाय, आणि माझ्या मते खरा मान तोच. ते सवारोला झाड नाही, माणूस मानतात. जून संपता संपता फळं पिकतात, तेव्हा सवारोच्याच फासळ्या एकाला एक जोडून लांब काठी करायची, टोकाला आडवी काडी बांधायची आणि आपण आकडीने आंबे पाडतो तशी फळं खाली पाडायची. वाळलेल्या फुलाची कडक कड सुरीसारखी वापरून फळ चिरतात, आतला लाल गर काढतात आणि रिकामं साल लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात, पाऊस यावा म्हणून. गर आटवून काकवीसारखा पाक करतात, त्यातला थोडा आंबवून पावसाच्या विधीला वारुणी होते. त्यांचं नवीन वर्षच इथून सुरू होतं. 2020 च्या सुमारास मेक्सिको सीमेवर भिंत बांधताना सवारो पाडले गेले तेव्हा या लोकांना काय वाटलं असेल ते यावरून कळावं.

कायद्याचं संरक्षणही चांगलं कडक आहे. सवारो उपटून न्यायचा तर परमिट आणि टॅग लागतो, स्वतःच्या जमिनीतला पाडायचा तरी आधी राज्याच्या कृषी खात्याला कळवावं लागतं. टूसॉन शहराच्या दोन्ही बाजूंना सवारो नॅशनल पार्क आहे (1933 पासून संरक्षित, 1994 मध्ये नॅशनल पार्क), तिथे चोरी होऊ नये म्हणून काही सवारोंच्या अंगात ओळख पटवणाऱ्या मायक्रोचिप्स बसवल्यात.

आता धोका वेगळाच आहे. 2023 च्या उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या राजधानीत, फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता, रात्रीही गारवा नाही, आणि सवारो हवा आत घेतो रात्रीच, त्यामुळे त्या भागात हात गळून पडलेले, आडवे झालेले सवारो दिसले. दुसरा धोका बफेल गवताचा, आणि हे गवत म्हणजे आपलं अंजन! आपल्याकडे कोरडवाहू भागात चाऱ्यासाठी मुद्दाम लावतात तेच. तिकडेही गुरांसाठीच नेलं होतं, ते मोकळ्या वाळवंटात पसरलं आणि पूर्वी जिथे झाडाझाडांत नुसती उघडी माती असायची, आग पसरायला काही नसायचंच, तिथे आता वाळलेल्या गवताचा सलग पट्टा तयार होतो. सवारोला आगीची सवय नाही, एकदा होरपळला की काही वर्षांत मरतो, आणि सोबत ज्या पालो वर्देच्या सावलीत पुढची रोपं वाढायची ती झाडंही जातात. म्हणून टूसॉनच्या डोंगरांवर स्वयंसेवक पहारी घेऊन चढतात आणि अंजनाचा एकेक ठोंब मुळासकट उपटून काढतात.