अ‍ॅक्सेंचरचा वार्षिक निकाल कसा वाचावा : कंपनीचे शेअर बाळगणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

तुम्ही अ‍ॅक्सेंचरमध्ये नोकरी करत असाल किंवा पूर्वी केली असेल, आणि ईएसपीपीतून (कर्मचाऱ्यांना सवलतीत शेअर देणाऱ्या योजनेतून) वा बोनसच्या रूपाने मिळालेले कंपनीचे शेअर तुमच्या खात्यात पडून असतील, तर हे माहितीपत्रक तुमच्यासाठी आहे. भारतात या कंपनीत तीन लाखांहून अधिक माणसे काम करतात. हिंजवडी-मगरपट्टा पट्ट्यातली अनेक घरे त्यांत आहेत, आणि त्यांतल्या काही घरांची आयकर विवरणपत्रे आमच्या कार्यालयातून भरली जातात.

सप्टेंबरच्या अखेरीस कंपनीचा वार्षिक निकाल येतो आणि आमच्याकडे फोन सुरू होतात. २०२५ साली प्रश्न एकच होता : "कंपनी सात टक्क्यांनी वाढली म्हणतात, मग शेअर का पडला?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर निकालाच्या पहिल्या ओळीत सापडत नाही, त्यासाठी चार-पाच आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागतात. ते कोणते आणि का, एवढेच येथे सांगायचे आहे. शेअर ठेवावा की विकावा, हा सल्ला आम्ही देत नाही. तो सेबीकडे नोंदणी असलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा विषय आहे.

आधी वर्षाचा हिशेब. अ‍ॅक्सेंचरचे आर्थिक वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपते. म्हणजे "आर्थिक वर्ष २०२५" हे सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५. आपले आयकराचे वर्ष एप्रिल ते मार्च असते, आणि विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता जानेवारी ते डिसेंबर या काळाचा भरावा लागतो. या तीन वर्षांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे गणित चुकते.

वाढ किती आणि कशात मोजलेली

गेल्या काही वर्षांचा महसूल असा आहे : २०२१ मध्ये ५०.५ अब्ज डॉलर, २०२२ मध्ये ६१.६, २०२३ मध्ये ६४.१, २०२४ मध्ये ६४.९ आणि २०२५ मध्ये ६९.७ अब्ज डॉलर. कोविडनंतर जगभरच्या कंपन्यांनी आपले कामकाज घाईघाईने क्लाउडवर नेले, तेव्हाची ती २०२२ ची उडी. डॉलरमध्ये पाहिले तर पुढची दोन वर्षे थंड गेली आणि मग पुन्हा वेग आला.

ही वाढ कंपनी दोन प्रकारे सांगते, डॉलरमध्ये आणि स्थानिक चलनांमध्ये. २०२२ मध्ये डॉलरमधली वाढ २२ टक्के होती, स्थानिक चलनांमधली २६ टक्के. २०२३ मध्ये हेच आकडे ४ आणि ८ टक्के होते. फरक कशाचा? युरोपातल्या ग्राहकाने १०० युरोचे काम दिले आणि वर्षभरात युरो घसरला, तर काम तेवढेच होऊनही डॉलरच्या खात्यात कमी रक्कम दिसते. जुलै २०२२ मध्ये युरो आणि डॉलर जवळपास एका भावाला आले होते, हे अनेकांना आठवत असेल. म्हणून कंपनीचे काम खरोखर किती वाढले हे पाहायचे, तर स्थानिक चलनांमधला आकडा पाहावा. २०२५ मध्ये दोन्ही आकडे ७ टक्केच आले, त्यामुळे या वर्षी चलनाचा प्रश्न बाजूला ठेवता येतो.

विकत घेतलेली वाढ

आमच्या मते निकालातला सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. सल्ला आणि तंत्रज्ञान सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या दरवर्षी लहान कंपन्या विकत घेतात, आणि त्यांचा महसूल खरेदीच्या दिवसापासून आपल्या बेरजेत धरतात. अ‍ॅक्सेंचरने २०२४ मध्ये ४६ कंपन्यांवर ६.६ अब्ज डॉलर खर्च केले. ऑनलाइन शिक्षण देणारी युडॅसिटी त्यांपैकीच. एवढी खरेदी करूनही त्या वर्षी स्थानिक चलनांमधली वाढ २ टक्केच राहिली. याचा सरळ अर्थ असा, की जुन्या व्यवसायात तेव्हा फारशी हालचाल नव्हती.

२०२५ मध्ये चित्र उलटे दिसते : २३ कंपन्या, १.५ अब्ज डॉलर खर्च, आणि वाढ ७ टक्के. हे निश्चितच चांगले लक्षण आहे. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्षाच्या मध्यावर घेतलेल्या कंपनीचा पूर्ण बारा महिन्यांचा महसूल पहिल्यांदा पुढच्या वर्षीच दिसतो. म्हणजे २०२४ मधल्या खरेदीचा काही वाटा २०२५ च्या वाढीतही आहे. निकालानंतर विश्लेषकांशी होणाऱ्या चर्चेत खरेदीतून आलेली वाढ किती, हे कंपनी स्वतः सांगते. तेवढा एक आकडा ऐकून लिहून ठेवा.

नवी कामे

महसूल म्हणजे झालेले काम. "न्यू बुकिंग्ज" म्हणजे त्या वर्षात करार झालेले, पुढे करायचे काम. लग्नांची जेवणे करणाऱ्या केटररचा या महिन्याचा गल्ला वेगळा आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या तारखा किती भरल्या हे वेगळे, तसेच हे. २०२३ मध्ये नवी कामे ७२.२ अब्ज डॉलरची होती, २०२४ मध्ये ती ८१.२ अब्जांवर गेली आणि २०२५ मध्ये ८०.६ अब्जांवर थांबली. महसुलाशी भागाकार केला तर २०२४ मध्ये प्रत्येक डॉलर महसुलामागे सव्वा डॉलरचे नवे काम मिळाले होते, आणि २०२५ मध्ये साधारण १.१६ डॉलरचे. एकाहून जास्त म्हणजे पुढच्या कामांची वही भरत आहे, ही समाधानाची बाब. मात्र भरण्याचा वेग मंदावला, आणि बाजाराने नेमके तेच टिपले.

याच बेरजेत जनरेटिव्ह एआयची कामे २०२४ मध्ये ३ अब्ज डॉलरची होती, ती २०२५ मध्ये ५.९ अब्ज झाली. बातम्यांत हा आकडा मोठ्या अक्षरांत येतो. ८०.६ अब्जांपुढे ठेवला की त्याचे खरे प्रमाण कळते.

मग शेअर का पडला?

शेअरचा भाव मागच्या वर्षापेक्षा पुढच्या वर्षावर ठरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅक्सेंचरचा शेअर ४०० डॉलरच्या उंबरठ्यावर होता. सप्टेंबरच्या अखेरीस तो २५० च्या खाली गेला होता. या सात-आठ महिन्यांत महसूल वाढतच होता.

कारणे तीन दिसतात. पहिले म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची कामे. २०२४ मध्ये जगभरच्या महसुलात त्यांचा वाटा सुमारे ८ टक्के होता. २०२५ च्या सुरुवातीला नव्या प्रशासनाने सल्लागार कंपन्यांच्या करारांची झाडाझडती सुरू केली, नवी कामे लांबली, आणि मार्चमधल्या तिमाही निकालात कंपनीने हे स्वतःच सांगितले. दुसरे म्हणजे पुढच्या वर्षाचा अंदाज. २०२६ साठी कंपनीने स्थानिक चलनांमध्ये २ ते ५ टक्के वाढ धरली. अमेरिकी सरकारच्या कामांचा फटका वगळला तर ३ ते ६ टक्के. सात टक्क्यांनंतर हा अंदाज बाजाराला फिका वाटला. तिसरे कारण कंपनीच्या हाताबाहेरचे आहे : माणसांच्या तासांवर चालणाऱ्या सेवांचे एआयमुळे काय होईल, ही शंका या क्षेत्रातल्या सगळ्याच कंपन्यांच्या भावात उतरली आहे.

तुमच्या खात्यात हे रुपयांत थोडे सौम्य दिसते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस शेअर सुमारे ३४० डॉलर आणि डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता. वर्षभराने शेअर सुमारे २६० आणि डॉलर ८८ रुपयांच्या घरात. डॉलरमध्ये जवळपास चौथाई घट, रुपयांत साधारण पाचवा हिस्सा. रुपयाच्या घसरणीने दिलेला हा आधार आहे, तो कंपनीच्या कामगिरीत धरू नये.

माणसे

ऑगस्ट २०२४ अखेर कंपनीत ७ लाख ७४ हजार माणसे होती, ऑगस्ट २०२५ अखेर ७ लाख ७९ हजार. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ही संख्या ८ लाखांच्या वर जाऊन खाली आली. वर्षभरात महसूल ७ टक्क्यांनी वाढला आणि माणसे एक टक्क्यानेही वाढली नाहीत. दरडोई महसूल सुमारे ८४ हजार डॉलरवरून ८९ हजारांवर गेला.

शेअरधारक म्हणून ही बातमी चांगली आहे. कर्मचारी म्हणून ती काळजीने वाचावी. मार्च २०२३ मध्ये कंपनीने १९ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा पुनर्रचनेचा खर्च दाखवला, एका तिमाहीत ६१.५ कोटी डॉलर, आणि नवी कौशल्ये शिकवून उपयोग होणार नाही अशा लोकांना कमी करत असल्याचे सांगितले. ज्या कंपनीतून पगार येतो, तिच्याच शेअरमध्ये घरातल्या बचतीचा मोठा भाग असेल, तर वाईट वर्षात दोन्हींना एकदम धक्का बसतो. ग्राहकांचे हिशेब पाहताना आम्हाला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. म्हणून प्रत्येकाने आपल्या एकूण बचतीत या शेअरचा वाटा किती टक्के आहे, हे वर्षातून एकदा तरी काढावे.

नफा आणि रोकड

नफ्याचेही दोन आकडे येतात. २०२५ मध्ये प्रतिशेअर कमाई १२.१५ डॉलर, आणि पुनर्रचनेचा खर्च वगळून १२.९३ डॉलर. असा खर्च एकदाच झाला तर दुसरा आकडा धरणे योग्य. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षे तो झाला असल्याने आम्ही पहिल्या आकड्याकडेही तेवढेच लक्ष देतो.

रोकड मात्र भक्कम आहे. सगळे खर्च भागवून उरलेला पैसा २०२४ मधल्या ८.६ अब्जांवरून २०२५ मध्ये १०.९ अब्ज डॉलरवर गेला, आणि त्यातले ८.३ अब्ज लाभांश व बायबॅकमधून (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यातून) शेअरधारकांना परत मिळाले. तिमाही लाभांश २०२४ मधल्या १.२९ डॉलरवरून २०२५ मध्ये १.४८ आणि २०२६ साठी १.६३ डॉलर झाला.

डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी यांच्याशी तुलना करणाऱ्यांसाठी एवढेच : या संस्था शेअर बाजारात नाहीत. त्या देशोदेशीच्या भागीदारी संस्थांचे जाळे आहेत आणि जागतिक पातळीवर मुख्यतः एकत्रित महसूल जाहीर करतात. डेलॉइटचा मे २०२५ अखेरच्या वर्षातला महसूल ७०.५ अब्ज डॉलर होता, म्हणजे अ‍ॅक्सेंचरच्या जवळपास. पण नफा, रोकड, नवी कामे यांची तुलना तेथे करता येत नाही.

करासंबंधी, थोडक्यात

शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात विकला जातो, डॉलरमध्ये दिसतो, तरी कंपनी आयर्लंडची आहे. त्यामुळे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात देश म्हणून आयर्लंड लिहावा. ब्रोकरकडे योग्य घोषणापत्र दिलेले नसेल, तर लाभांशातून आयर्लंडचा २५ टक्के कर कापला जाऊ शकतो. भारतात कापण्यापूर्वीचा पूर्ण लाभांश उत्पन्नात धरावा लागतो.

सवलतीत मिळालेल्या शेअरवर, खरेदीच्या दिवशीचा बाजारभाव आणि तुम्ही दिलेली किंमत यांतल्या फरकावर, पगारात कर लागतो. भाव नंतर पडला तरी भरलेला कर परत येत नाही. मात्र तोच बाजारभाव विक्रीच्या वेळी तुमची खरेदी किंमत ठरतो. २०२४-२५ मध्ये वरच्या भावाला शेअर घेतलेल्या अनेकांना विक्रीवर तोटा दिसेल. विवरणपत्र मुदतीत भरले तरच तो पुढच्या आठ वर्षांसाठी ओढता येतो. २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरवरील नफ्याला १२.५ टक्के दर आहे, त्याहून कमी काळासाठी तुमच्या स्लॅबचा.

परदेशी शेअर असतील तर विवरणपत्राचा साधा "सहज" फॉर्म (आयटीआर-१) चालत नाही, मग शेअर एक असो वा शंभर. मालमत्ता दाखवायची राहिली तर काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली आहे, पण दाखवण्याचे बंधन कायम आहे.

विवरणपत्रासाठी येताना ब्रोकरचे जानेवारी ते डिसेंबरचे स्टेटमेंट, एप्रिल ते मार्चमधल्या विक्रीची यादी, लाभांशाची पावती आणि ईएसपीपीची रक्कम दिसेल अशी पगारपत्रके आणावीत. नोकरी सोडलेल्यांनी ब्रोकरच्या खात्यात आपला वैयक्तिक ई-मेल नोंदवला आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.